मांजर वाकडे चालते म्हणजे त्याला मारलेच असेल असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्राणीमित्र गटांवर आणि अधूनमधून वर्तमानपत्रांतही एक ठरावीक मजकूर वाचायला मिळतो. रस्त्यावरून उचलून आणलेल्या मांजराचा फोटो आणि खाली ओळ : ‘कोणीतरी निर्दयपणे मारल्यामुळे नीट चालता येत नाही, प्रेमळ घर हवे.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या ओळीने मांजराचे दुहेरी नुकसान होते. कारण आधीच ठरून गेल्यामुळे चालीची तपासणी कोणी करत नाही, आणि दत्तक घेणारा मायेपोटी, पण भलत्याच तयारीने पुढे येतो. मग बरीच मांजरे परत येतात. अधू मांजरांची तपासणी, त्यांचा सांभाळ आणि त्यांना घर शोधून देणे हे आम्हा काही पशुवैद्यकांचे आणि कार्यकर्त्यांचे रोजचे काम आहे. त्यातून जे खात्रीने सांगता येते ते वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण तपशील गाळले तर कोणाच्या उपयोगी पडणार नाही.

सर्वात जास्त गैरसमज होतो तो लहान मेंदू पुरता न वाढलेल्या पिल्लांबाबत. डॉक्टर याला सेरेबेलर हायपोप्लेशिया म्हणतात. मांजरी गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, झाला की विषाणू पोटातल्या पिल्लांपर्यंत पोचतो. तो भराभर वाढणाऱ्या पेशी गाठतो, आणि तोल सांभाळणारा लहान मेंदू नेमका जन्माच्या आगेमागे भराभर वाढत असतो. जन्मानंतरच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत लागण झाली तरी हेच होते. गाभण मांजरीला जिवंत विषाणूची लस टोचली तरी होऊ शकते, म्हणून लस देण्याआधी ती गाभण आहे का हे बघावे लागते. एकाच वेतातली दोन पिल्ले डुगडुगतात आणि तिसरे सरळ धावते, असेही दिसते.

पिल्लू चालू लागले की खुणा दिसू लागतात. ते पाय फाकवून उभे राहते, पाऊल गरजेपेक्षा उंच उचलून धपकन टाकते, वळताना कुशीवर पडते आणि लगेच उठते. वाटीकडे तोंड न्यायला लागले की डोके थरथरते. वाटी जितकी जवळ, तितकी थरथर जास्त. झोप लागली की सगळे थांबते. ही झोपेतली स्थिरता आवर्जून बघावी. पायांत ताकद असते, दुखत काही नसते, विकार वाढत नाही आणि ही चाल काही दुसऱ्या मांजराला लागत नाही. यावर औषध नाही आणि त्याची गरजही नाही. पिल्लू वाढते तसे आपल्या तोलाचा अंदाज घ्यायला शिकते, त्यामुळे चाल सुधारल्यासारखी वाटते. खाते-पिते, ट्रे वापरते, खेळते असे पिल्लू इतर मांजरांइतकेच जगू शकते. अशा पिल्लाला केवळ चाल बघून ‘इंजेक्शन देऊन सोडवा’ असा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. मात्र जी चाल आठवड्या-आठवड्याला बिघडत जाते, ती या विकाराची नव्हे. तिथे शोध सुरू ठेवावा लागतो.

बाकीची कारणे चालीवरूनच बरीचशी वेगळी काढता येतात. मागच्या पायाची टाच जमिनीला टेकवून चालणारे प्रौढ, खूप पाणी पिणारे, वाळत चाललेले मांजर असेल तर आधी रक्तातली साखर तपासावी; मधुमेहाने पायांच्या नसा अशा दुबळ्या होतात आणि वेळेत इन्सुलिन सुरू झाले तर चाल सुधारू शकते. मान एका बाजूला कललेली, त्याच बाजूला झोकांड्या आणि बुबुळे सतत झटक्याने इकडून तिकडे हलत असतील तर कानाच्या आत बघायला हवे. पुढचा एकच पाय लोळागोळा आणि पंजा उलटा दुमडून घासत असेल तर खांद्याखालच्या नसांचा झुबका ताणला किंवा तुटला गेलेला असतो, बहुधा पडून किंवा गाडीच्या धक्क्याने. त्या पंजाच्या वरच्या बाजूला जखम होत राहते, म्हणून मऊ पट्टी लागते आणि ती रोज बदलावी लागते.

शेपटीची गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण इथे उशीर महागात पडतो. शेपूट ओढली गेली किंवा चाकाखाली आली की शेपटीच्या मुळाशी मणका सरकतो आणि मूत्राशयाच्या नसाही ताणल्या जातात. शेपूट दोरीगत लोंबते, चालताना बूड डुलते आणि लघवी थेंबथेंब गळते. लोक समजतात, मांजर ‘घाण करते’. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून वरून सांडत असते. ते दिवसातून दोनतीनदा हाताने दाबून रिकामे करावे लागते. डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून शिकावे, व्हिडिओ बघून नव्हे. तसेच भरलेले राहिले तर स्नायू ताणून निकामी होतो आणि संसर्ग होतो. गुदद्वाराशी स्पर्श केल्यावर ते आकसत असेल तर आशा चांगली. सुधारणा व्हायचीच असेल तर ती बहुतेक पहिल्या महिनाभरात दिसू लागते. आणि बोका कोणत्याही कारणाने दिवसभर लघवीला झाला नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.

आणखी एक कारण आपल्याकडे घरोघरी मायेने तयार होते. रस्त्यावरून आणलेले पिल्लू अशक्त दिसते, म्हणून त्याला नुसते उकडलेले बोनलेस चिकन, कलेजी किंवा दूध-भात घातला जातो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. पिल्लाला दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात, कॅल्शियम किंचित जास्त, असे लागतात. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढू लागते. काही आठवड्यांत पाय वाकतात, पिल्लू उडी मारायचे सोडते, उचलले की ओरडते, आणि सोफ्यावरून उतरतानाही हाड दुमडून मोडते. एक्स-रेत हाडे फिकट दिसतात आणि एकाहून अधिक जुने-नवे अस्थिभंग सापडतात. मारहाणीचा आरोप सर्वात सहज चुकतो तो इथेच. उपाय सोपा आहे : पिल्लांसाठीचे संपूर्ण तयार अन्न आणि काही आठवडे उडी मारता येणार नाही अशा पिंजऱ्यात विश्रांती. आपल्या मनाने कॅल्शियमचे सिरप आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब सुरू करू नयेत. अतिरेकाने मूत्रपिंडाला इजा होते.

काल धडधाकट असलेले मांजर अचानक किंचाळून मागचे पाय ओढू लागले, पंजे गार आणि पंजांखालच्या गाद्या फिकट किंवा निळसर पडल्या, तर हृदयातून सुटलेली गुठळी पायांच्या रक्तवाहिनीत अडकलेली असते. तासाभरात दवाखाना गाठावा. चालीतला बिघाड काही दिवसांतच वाढत गेला आणि त्याबरोबर लाळ, गिळता न येणे, आवाज बदलणे, विनाकारण अंगावर येणे असे काही दिसले तर रेबीजची शंका घ्यावी. मांजर बंद खोलीत ठेवावे आणि उघडा हात लावू नये. कोणत्याही अनोळखी मांजराने चावले किंवा बोचकारले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक काम घरी करावे : मोबाइलवर चालीचे चित्रण. दवाखान्याच्या टेबलावर मांजर दबकून बसते, एक पाऊल टाकत नाही, आणि डॉक्टरांना बघण्यासारखे काहीच उरत नाही. सतरंजीवर किंवा खरखरीत फरशीवर, कॅमेरा मांजराच्या उंचीला धरून, बाजूने, मागून आणि समोरून अर्धा-अर्धा मिनिट घ्यावे. एक तुकडा खायला जातानाचा, एक गाढ झोपेतला. गुळगुळीत टाइल्सवर घेऊ नये, तिथे धड मांजरही घसरते. डॉक्टर पंजा उलटा ठेवून मांजर तो किती पटकन सरळ करते हे बघतात, बोटे चिमटून संवेदना तपासतात, कंबर आणि मणक्याचे दोन कोनांतून एक्स-रे काढतात. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही उपचार होतात. अवघड चालीसाठी तिथे विचारणा करावी.

छळ होतच नाही असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. होतो, आणि म्हणूनच पुरावा नीट गोळा व्हायला हवा. नख्यांची टोके झिजून फाटलेली असतील तर बहुधा ते गाडीचा धक्का बसून रस्त्यावर फरफटलेले मांजर असते. टाळू उभी चिरलेली, हनुवटीला मार आणि छाती दुखावलेली असेल तर उंचावरून पडणे आधी तपासावे. मुंबई-पुण्याच्या इमारतींतून पडलेली मांजरे अशीच येतात. पाय मोडलेला असेल आणि पट्ट्यापट्ट्यांनी कातडी गेलेली असेल तर ते बोनेटखाली ऊब शोधत शिरलेले आणि फॅन बेल्टने कापलेले पिल्लू असू शकते. याउलट एक्स-रेत चमकणारे छर्रे, पोषण ठीक असतानाही वेगवेगळ्या वयाचे बरगड्यांचे अस्थिभंग, चटक्याच्या रेखीव कडा, मानेभोवती किंवा पायाभोवती रुतलेल्या दोरीचा पूर्ण गोल व्रण, यांवरून संशय घ्यायला जागा आहे. रबर बँड केसांखाली इतका रुततो की डोळ्यांना दिसत नाही; शेपटीच्या मुळापासून प्रत्येक पायावरून बोट फिरवून बघावे.

संशय पक्का असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्यावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणे, विष देणे, अपंग किंवा निकामी करणे याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रारीत हे कलम नाव घेऊन लिहावे. सोबत पशुवैद्यकाचे तारखेसह प्रमाणपत्र, एक्स-रेची प्रत, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले फोटो आणि सोसायटीचे सीसीटीव्ही चित्रण असावे. हे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते आधी मागून घ्यावे.

आता वागण्याविषयी. हात वर केला की दबणारे, झाडू दिसला की पलंगाखाली पळणारे मांजर मार खाल्लेले असेलच असे नाही. पिल्लाला माणसाची सवय लागते ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात माणसाचा हात न लागलेले मांजर कोणी बोट न लावताही आयुष्यभर बिचकू शकते. आणि कमरेला हात लागला की फिस्कारणारे मांजर जुनी आठवण काढत नसते, त्याची कंबर आत्ता दुखत असते. आधी वेदना तपासावी, मग स्वभाव. भूतकाळ काहीही असो, पहिल्या दोन आठवड्यांची रीत एकच आहे. एकच लहान खोली, स्वयंपाकघरापासून दूर, कारण कुकरची शिट्टी आणि मिक्सर यांना ही मांजरे सर्वात जास्त घाबरतात. आडवा ठेवलेला खोका, त्यावर अर्धवट सोडलेली चादर, म्हणजे लपायला जागा. ट्रे एका कोपऱ्यात, खाणे त्याच्या समोरच्या टोकाला. माणसाने जमिनीवर, तोंड बाजूला करून बसावे. टक लावून बघू नये. बोट त्याच्या नाकाच्या उंचीला धरावे आणि थांबावे. त्याने गाल घासला तर गालावर आणि हनुवटीखाली दोनतीनदा खाजवून हात मागे घ्यावा. पुन्हा जवळ आले तर पुढे. कान आडवे झाले, पाठीची कातडी थरथरली किंवा शेपूट आपटू लागली की त्याने नको म्हटले आहे. पलंगाखालून ओढून काढणे आणि पाहुण्यांना दाखवायला उचलून आणणे, या दोन गोष्टींनी आठवड्याची मेहनत वाया जाते. पहिला दिवस कमी खाल्ले तर चालते; सलग दोन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतावर परिणाम होऊ लागतो, विशेषतः जाड मांजराच्या, म्हणून डॉक्टरांना दाखवावे. घरात दुसरे मांजर असेल तर हेच दोन आठवडे विलगीकरणाचेही असतात. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू फरशीवर, चपलांवर, ट्रेवर वर्षभरही टिकू शकतो. सॅनिटायझरने तो मरत नाही. एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी, दहा मिनिटे ओले ठेवून मग स्वच्छ पाण्याने पुसणे, याने मरतो. घरातल्या फिनेलने मात्र फरशी पुसू नये. पंजाला लागलेले मांजर चाटून घेते आणि त्यातली फिनॉलसारखी द्रव्ये त्याच्या यकृताला पचत नाहीत.

डुगडुगणाऱ्या मांजरासाठी घरात सर्वात मोठा अडथळा असतो तो फरशीचा. व्हिट्रिफाइड टाइल्सवर त्याचे पाय चारी दिशांना फाकतात आणि ते चालायचेच सोडते. लोकांना वाटते आजार वाढला. जुनी खरखरीत शहाबादी असेल तर फारसे काही करावे लागत नाही. नाहीतर एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया किंवा योगा मॅट घालाव्यात, निदान खोका, वाटी आणि ट्रे यांना जोडणारा पट्टा तरी. नुसती सतरंजी मांजरासकट सरकते, तिच्याखाली रबरी जाळी हवी. हा पट्टा भिंतीलगत ठेवावा, कारण अशी मांजरे भिंतीला खांदा टेकून चालतात.

बाजारातला पसरट ट्रे यांना उपयोगाचा नाही. बसताना तोल जातो आणि ते घाणीतच पडतात. साठवणीचा मोठा प्लास्टिकचा चौकोनी डबा घ्यावा, तीन बाजू ३० सेंटिमीटरच्या आसपास उंच ठेवाव्यात आणि चौथ्या बाजूला जमिनीपासून पाचसहा सेंटिमीटरवर प्रवेश कापावा. कापलेली कड घासून तिला टेप लावावी. डबा कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवावा, म्हणजे कलंडत नाही आणि मांजराला अंग टेकायला बाजू मिळते. रेती तीनचार सेंटिमीटरच घालावी, त्याहून खोल असली तर पाय रुततात. लहान पिल्लाला गोळा होणारी रेती देऊ नये; तोंडाने पडते तेव्हा ती पोटात जाते आणि तिथेही गोळा होते.

चिनी मातीच्या वाटीच्या काठावर डोके आपटून दात तुटतात. रबरी बुडाची पसरट, जड स्टीलची ताटली बरी. ओला खाऊ गोळे करून ठेवला तर उचलायला सोपा जातो. पाण्याचे भांडे जड, रुंद आणि उथळ असावे. आणि इथे कळकळीने सांगायचे ते हे : आपल्याकडे न्हाणीघरात भरलेल्या बादल्या, पिंपे, टब असतात. काठावर चढलेले डुगडुगणारे पिल्लू आत पडले तर त्याला बाहेर येता येत नाही. झाकण किंवा बंद दार, तिसरा पर्याय नाही. खिडक्यांना आणि गॅलरीला पक्की जाळी हवी. कबुतरांची बारीक नायलॉनची जाळी मांजर कुरतडते. ही मांजरे नखांच्या जोरावर चढतात, उतरता मात्र येत नाही, म्हणून सोफ्याला आणि पलंगाला कापड ताणलेली उतरण द्यावी आणि पायथ्याशी घडी घातलेली गोधडी ठेवावी. नख्या हीच त्यांची पकड असते, तेव्हा फक्त अणकुचीदार टोक कापावे. देवघरातली समई-निरांजन त्यांच्या वाटेत नको. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा बुडाखाली. मानगुटीला धरून लोंबकळवू नये.

नसबंदी आणि लसीकरण यांना चालीची आडकाठी नाही, भूल देण्याआधी डॉक्टरांना विकार सांगितला की झाले. एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीनचार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर.

लंगडते म्हणून क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम चुरून देणारी घरे अजून आहेत. पॅरासिटामोलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी प्रौढ मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते. चुकून गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता दवाखान्यात जावे. कुत्र्यांसाठीचे मानेवर टाकायचे परमेथ्रिनयुक्त पिसवांचे औषधही मांजराला लावू नये; त्याने अंग थरथरू लागते, झटके येतात, आणि मग तीच थरथर ‘जुन्या माराची’ म्हणून सांगितली जाते.

मांजर दत्तक देणाऱ्यांना आणि अशा बातम्या छापणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना आमची विनंती आहे. निवेदनात माहीत आहे तेवढेच लिहावे : मांजर कुठे आणि कधी सापडले, चाल तेव्हापासून तशीच आहे की बदलली, एक्स-रे आणि रक्ततपासणी झाली का, त्यात काय आले, लघवी-शी आपोआप होते का, दाबून काढावी लागते का, ट्रे वापरते का, कशाला घाबरते. डॉक्टरांनी म्हटले नसेल तर ‘मारहाण’ हा शब्द वापरू नये. म्हटले असेल तर निवेदनाआधी तक्रार नोंदवावी. मांजर सोपवताना एक्स-रे, चालीचे चित्रण आणि लसीचे कार्ड सोबत द्यावे, म्हणजे चार महिन्यांनी नव्या घरी चाल बिघडल्याची शंका आली तर नव्या डॉक्टरांना जुन्या चालीशी ताडून बघता येईल.

आपले,
अधू मांजरांसाठी काम करणारे काही पशुवैद्यक व कार्यकर्ते, ठाणे